ऋतुविपर्यय आणि औषधी बाग

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात कांपिल्य नगरीचा प्रसंग आहे. ग्रीष्माच्या अखेरच्या मासात गंगातीरी विहार करीत असता भगवान पुनर्वसु आत्रेयांना सृष्टीतील विकृत लक्षणे दिसतात. लागलीच ते अग्निवेशास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवाव्यात. वायू, उदक, देश व काळ हे चार भाव बिघडले म्हणजे जनपदोद्ध्वंस ओढवतो, हे त्या अध्यायाचे सार आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात पाठ केले आहे. परंतु त्या चिंतनाचा आरंभ रोग्यापासून नव्हे, वनस्पतीपासून होतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. रोगाच्या आधी औषध निर्वीर्य होते, हा आत्रेयांचा इशारा आहे.

आज कोकणात औषधी बाग सांभाळताना या इशाऱ्याचा अर्थ दरवर्षी नव्याने उमगतो.

बिघडलेला काळ

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पोहोचला. रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच मृगाचा पाऊस! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आडव्या केल्या आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारी पिंपळीसारखी सावलीप्रिय द्रव्ये उघडी पडली.

आमची वीस गुंठ्यांची बाग चिपळूण तालुक्यात, जांभ्याच्या उतारावर आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस हा येथील नित्याचा भाग; त्याचे भय नाही. अडचण होते ती तोच पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये दीर्घ उघडीप पडते तेव्हा. मुसळधार सरीत वरची माती वाहून जाते. पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात.

देशविचार

म्हणून वनस्पतीचा स्वभाव पाहून जागा देणे हा पहिला उपाय होय. उताराच्या तळाशी, जेथे पाणी साचते तेथे, वेखंड, जलब्राह्मी व मंडूकपर्णी लावावी. पावसाच्या अतियोगाने त्यांचे फारसे बिघडत नाही. शतावरी, सफेद मुसळी, सर्पगंधा यांना फूटभर उंच गादीवाफे आणि दोन वाफ्यांमध्ये उताराला आडवे, किंचित कललेले चर हवेत. कोरफड सर्वांत वरच्या कातळाकडील बाजूस. अश्वगंधा ही कोरड्या प्रदेशाची वनस्पती. कोकणात पावसाळ्यात तिचा हट्ट धरू नये. घाटमाथ्यापलीकडील शेतकऱ्याशी करार करणे श्रेयस्कर.

वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन असावे, मात्र ते खोडाला भिडू देऊ नये. गुळवेल, अडुळसा यांचे छाट निरनिराळ्या दोन ठिकाणी लावून ठेवावेत. एक जागा गेली तरी वाण राहतो.

संग्रहकाल : तिथी की लक्षण?

चरकाच्या कल्पस्थानात कोवळ्या शाखा व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, तर सार हेमंतात घ्यावे असे सांगितले आहे. सुश्रुताचार्य मात्र एकेका ऋतूस एकेक अंग वाटून देणारे मत नोंदवून ते अमान्य करतात. सौम्य द्रव्य सौम्य ऋतूत व आग्नेय द्रव्य आग्नेय ऋतूत घ्यावे, असा त्यांचा निर्णय आहे. दोन्ही आचार्यांच्या दृष्टीने ऋतू म्हणजे केवळ महिन्याचे नाव नव्हे. त्याचा गुण प्रत्यक्षात असावा लागतो.

मूलसंग्रहासाठी चरकाने दिलेला शिशिराचा पर्याय आज विशेष मोलाचा ठरतो. शतावरीची मुळे आम्ही माघातच काढतो. २०२५ च्या मे महिन्यात ज्यांनी हे काम महिनाअखेरीस ठेवले होते, त्यांना वाळवण्यासाठी ऊनच उरले नाही. परतीचा पाऊस लांबला की शरद ऋतू पंचांगात येतो, अंगणात येत नाही. अशा वेळी मुसळीची पाने पूर्ण सुकेपर्यंत आणि जमीन वाफशावर येईपर्यंत थांबावे. भुईआवळा, अडुळसा मात्र दोन-तीन दिवसांची स्वच्छ उघडीप साधून काढावा व वाऱ्याच्या जागी, सावलीत, पातळ पसरून वाळवावा. पान मुठीत चुरले जावे, देठ वाकण्याऐवजी तुटावा. तोवर पोते शिवू नये.

औषधनिर्मात्यांचे कर्तव्य

ओलसर माल खरेदी करणारा पाण्याचे दाम मोजतो आणि बुरशी घरी आणतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या पोत्याच्या मध्यभागी हात घालून पाहावा, आर्द्रतेची व अफ्लाटॉक्सिनची तपासणी टाळू नये. याखेरीज प्रत्येक पुरवठादाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : काढणीचा दिवस, त्या आठवड्यातील पाऊस आणि वाळवण्याची रीत. पाच वर्षांची अशी वही तयार झाली की भाग बदलेल तसा संग्रहकाल आपणच ठरवू शकू.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. अष्टवर्ग दुर्मीळ झाला तेव्हा भावमिश्रांनी मेदा-महामेदेऐवजी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा असे प्रतिनिधी दिले. हे प्रतिनिधीच आता अतिवृष्टीने कुजू लागले, तर त्यांचा प्रतिनिधी कोण? बाजारात त्याचे उत्तर भेसळ हेच असते, आणि तिचे फळ भोगतो तो आपल्यावर विश्वास ठेवणारा रुग्ण. पाठ तोच, अनुपान तेच, मात्रा तीच, तरी गुण येत नाही; आणि दोष मात्र शास्त्राच्या माथी लागतो.

यास्तव प्रत्येक वैद्याने निदान आपल्या नित्य वापरातील दोन-तीन वनस्पती स्वतः लावाव्यात. त्यांतून औषधांचा सारा साठा होणार नाही, हे खरे. परंतु काळाची विकृती हाताने जोखता येईल आणि पुरवठादाराला योग्य प्रश्न विचारता येतील. भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवण्याची आत्रेयांची आज्ञा पाळावयाची, तर भूमीकडे नित्य पाहणारा वैद्य हवा.