स्पार्क प्लग बदलताना

वरवट बकालहून शेगाव-अकोल्याकडे धावणाऱ्या पेट्रोल गाडीचे प्लग बदलायचे, तर आधी गाडीची पुस्तिका उघडा आणि त्यातलाच प्लग क्रमांक मागा. आट्यांची लांबी, गॅप आणि उष्णता-श्रेणी त्यावरून ठरते. आटे जास्त लांब असले, तर प्लग पिस्टनवर आपटू शकतो. श्रेणीचा आकडाही कंपनीगणिक उलटतो: एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), बॉशमध्ये गरम. विदर्भातलं ऊन कडक म्हणून थंड प्लग घेऊ नका. त्यावर काजळी धरते. निकेलचे प्लग स्वस्त. इरिडियमचे महाग, पण टिकाऊ. जुन्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिन ठणठणीत समजा. नवे प्लग इंजिन थंड झाल्यावरच, आधी हाताने आटे धरवून बसवा.