गंगथडीचा रस्ता

बीड म्हटलं की दुष्काळ, ऊसतोड आणि बालाघाटाचे बोडके माळ एवढंच बाहेरच्यांना आठवतं. या जिल्ह्याला नदीचा लांबलचक काठ आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीच आखते. इथले लोक तिला गंगा म्हणतात आणि गेवराई-माजलगावकडच्या तिच्या काठाला गंगथडी.

आयर्लंडने २०१४ साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रस्त्यांना ‘वाइल्ड अटलांटिक वे’ असं नाव दिलं. डोनेगलपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटर. त्यासाठी नवा महामार्ग बांधला नाही. खेड्यापाड्यांतले जुनेच रस्ते एका माळेत ओवले, वळणावळणावर लाटेच्या खुणेच्या पाट्या ठोकल्या, आणि जग गाड्या घेऊन तिकडे लोटलं. रस्ते गंगथडीतही आहेत, सांगण्यासारख्या गोष्टी तर भरपूर. पाट्या तेवढ्या नाहीत.

बीडहून सोलापूर-धुळे महामार्गाने गेवराई गाठायची आणि नदीकडे वळायचं. काळी जमीन, दोन्ही बाजूंना ऊस आणि कापूस. पहिला मुक्काम राक्षसभुवन. शनीचं क्षेत्र म्हणून गाव ओळखीचं. पण मराठ्यांच्या इतिहासात ते १० ऑगस्ट १७६३ या तारखेने नोंदलेलं आहे. त्याच वर्षी निजामाने पुणं लुटून जाळलं होतं. परतताना निजामअली निम्मं सैन्य घेऊन औरंगाबादच्या दिशेने पलीकडच्या तीरावर गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच राहिला. मध्ये श्रावणातली भरलेली गंगा. मराठ्यांनी नेमका हाच मोका साधला. लढाईत राघोबादादा शत्रूच्या वेढ्यात सापडले, तेव्हा धावून आले ते त्यांचे पुतणे माधवराव पेशवे, वय वर्षे १८. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडे उभ्या निजामाला पुरामुळे मदत धाडता आली नाही. पानिपताला तीन वर्षंही झाली नव्हती, म्हणून या विजयाचं मोल मोठं. एवढी मोठी लढाई फिरवली ती नदीने. काठावर उभं राहून पाहिलं की पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा जास्त कळतं.

जवळच पांचाळेश्वर. महानुभावांचं हे आत्मतीर्थ. श्रीदत्तात्रेय प्रभू रोज दुपारी इथं भोजनाला येतात, ही पंथाची श्रद्धा. त्यामुळे दूरदूरचे अनुयायी इथं येतात. मंदिर नदीला इतकं लगटून आहे की वर पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की पाणी थेट देवाच्या भेटीला. धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधींच्या. या धरणाचा उजवा कालवा माजलगावच्या जलाशयापर्यंत पाणी आणतो. आजूबाजूचा ऊस बराचसा त्याच्याच जिवावर. पण २००६ आणि २०२५ च्या महापुरांत याच धरणातून सुटलेलं पाणी गंगथडीच्या शिवारात शिरलं. उन्हाळ्यात हेच पात्र पाहावं तर डबकी आणि वाळू उपशाचे खड्डे.

पुढे पुरुषोत्तमपुरी. धोंड्याच्या महिन्यात इथं पाय ठेवायला जागा नसते, कारण अधिक मासाचा देव पुरुषोत्तम आणि त्याची अशी स्वतंत्र मंदिरं फारच थोडी. यात्रेकरू अनारसे-बत्तासे वाहतात आणि गंगेत बुडी मारून परततात. या गावाच्या नावाचा उगम मात्र राजदरबारी आहे. इथं सापडलेला यादवराजा रामचंद्रदेवाचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाचला, आणि राजाने आपल्या पुरुषोत्तम नावाच्या प्रधानाला दिलेलं दान उजेडात आलं. देवगिरीवर अलाउद्दीनची पहिली स्वारी होऊन तेव्हा चौदा वर्षं उलटली होती. राज्य पोखरलं होतं, तरी दानपत्रातला थाट सार्वभौम राजाचाच!

माजलगाव ओलांडलं की मंजरथला सिंदफणा गंगेला मिळते. पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी जवळजवळ अख्खा जिल्हा ओलांडून इथवर येते. संगमावर त्रिविक्रमाचं जुनं देऊळ आहे. घाटावर दशक्रियेची गर्दी असते, तेव्हा सहलीचा गलका इथं नको.

निघायचं ते दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर. पौषात गेलात तर शेतात हुरडा मिळेल. फक्त अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचावं. याच दिवसांत कोयता घेऊन टोळ्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, सरपण, एखादी शेळी आणि वर बसलेली पोरं. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो.