जॉइनिंग लेटर मिळालं, पण राहायचं कुठं?

जूनमधल्या एका रविवारी बुधवार पेठेतल्या एका मुलाचा फोन आला. "जय भीम ताई. गुरुग्रामला नोकरी लागली. पुढच्या सोमवारी जॉइनिंग आहे." मी अभिनंदन केलं आणि विचारलं, राहणार कुठं? "ते बघतो की तिथं गेल्यावर. ॲपवर ढिगानं खोल्या आहेत."

हेच उत्तर मी पण दिलं होतं. समाजशास्त्रात एम. ए. झाल्यावर दिल्लीत एका संस्थेत काम मिळालं. कर्नाटक एक्स्प्रेसनं निघाले तेव्हा सोबत दोन बॅगा, आईनं बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. भाकरी संपायच्या आत खोली मिळेल असा हिशोब होता. चटणीसुद्धा संपली, खोली मिळाली नाही. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, मग मालकीणबाई विचारायच्या, "पूरा नाम?" माझ्या आडनावावरून तिकडच्या माणसाला काही कळत नाही. म्हणून पुढचा प्रश्न यायचा, "मतलब, कौन लोग होते हैं आप?" मी बौद्ध म्हणून सांगायची. दुसऱ्या दिवशी फोन केला की त्यांच्या भावाचं कुटुंब अचानक राहायला आलेलं असायचं. अशा चार भावांची कुटुंबं आली. तीन आठवडे मी एका सहकारी मैत्रिणीच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपले. ऑफिसात अहवाल लिहिताना एक डोळा दलालाच्या फोनवर असायचा. नव्या नोकरीत आपल्याबद्दलचं मत पहिल्या महिन्यात बनतं, आणि माझा तो महिना अर्धा खोलीच्या शोधात गेला.

म्हणून आता परगावी निघालेल्या प्रत्येकाला मी आधी छपराचं विचारते. नोकरी मिळाली की बाकीचं आपोआप होतं, असं आपल्या घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात छप्पर नसलं तर मिळालेली नोकरीही हातातून जाऊ शकते. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याला पाठ आहे, फक्त आपण ते या बाजूनं वाचत नाही.

1917 च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेब बडोद्याला गेले. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण, लंडनमधला अभ्यास, वय 26. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती आणि महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवार म्हणून नेमणूकही झाली होती. म्हणजे नोकरीचा प्रश्न सुटलेला होता. अडलं होतं ते राहण्याचं. हिंदू हॉटेलं घेणार नाहीत हे माहीत असल्यानं ते एका पारशी सरायीत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. रखवालदाराला गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहिलं गेलं आणि रोजचा दीड रुपया ठरला. वरच्या मजल्यावर दुसरं कोणीच नव्हतं. अडगळीचं सामान, अंधार आणि एक कंदील. त्या उजेडात ते वाचत बसायचे. राहायला सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. शहरात दोन मित्र होते. एक हिंदू, तो म्हणाला, तू आलास तर घरचे नोकर निघून जातील. दुसरा ब्राह्मणाचा ख्रिश्चन झालेला, त्यानं बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो म्हटलं. त्या संध्याकाळी बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

कार्यालयात शिपाई फाइली लांबून टाकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही, हे चरित्रांत आहे. ते सोसत त्यांनी काम सुरू ठेवलं होतं. बडोदा सुटलं ते राहायला खोली उरली नाही म्हणून. त्यानंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळायला 1918 चा नोव्हेंबर उजाडला. एवढा शिकलेला माणूस आणि वर्षभराहून अधिक काळ स्थिर नोकरी नाही.

या हकिकतीच्या पुढचा धागा आपल्या सोलापुरात आहे, आणि तो आपल्याच मुलांना फारसा माहीत नाही. 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेनं पहिल्या वर्षभरात हाती घेतलेल्या कामांत एक होतं वसतिगृह. माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी ते 4 जानेवारी 1925 ला सोलापुरात सुरू झालं. राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळा खर्च सभेकडं. शाळा सरकारनं उघडल्या होत्या, कायद्यानं त्यात प्रवेशही होता. पण खेड्यातून शहरात आलेला मुलगा रात्री झोपणार कुठं आणि जेवणार कुठं, याचं उत्तर शाळेकडं नव्हतं. बडोद्याचा अनुभव आणि हे वसतिगृह मी शेजारी ठेवून वाचते. तसा थेट संबंध कुणी लिहून ठेवला आहे असा माझा दावा नाही.

वसतिगृहाला 2025 मध्ये शंभर वर्षं झाली.

स्थलांतराबद्दल समाजशास्त्रात एक साधी गोष्ट शिकवतात. माणूस एकटा जात नाही, साखळीनं जातो. आधी गेलेला मागून येणाऱ्याला जागा देतो. सोलापूर स्वतःच याचं उदाहरण आहे. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथं आले ते नातेवाइकांच्या आधारानं. मागासारखा धंदा, बोलायला तेलुगू, लग्नाकार्याला आपली माणसं, सगळं इथं उभं राहिलं आणि सोलापुरी चादर जगभर गेली. मुंबईत आपल्या लोकांनीही हेच केलं. परळच्या बीआयटी चाळीत एका खोलीत गावाकडची किती माणसं राहायची याचे किस्से जुन्या पिढीकडं आहेत. बाबासाहेबांचं कुटुंबही तिथंच राहत होतं. गिरणीत विणकाम खातं बंदच असायचं, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि 'विटाळ' व्हायचा. जास्त पगाराचं काम नाकारलं गेलं, तरी चाळीतला कोपरा होता म्हणून माणसं शहरात टिकली.

आजचा मुलगा मात्र एकटा जातो. सोलापुरातल्या जुन्या गिरण्या बंद पडल्या. इंजिनिअरिंग झालेली, बी. कॉम. झालेली मुलं पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, गुरुग्राम अशी पांगतात. पुण्यात कुणीतरी आत्येभाऊ निघतो. गुरुग्रामला कोण आहे? कंपनी लॅपटॉप देते, ओळखपत्र देते, फार तर आठ-दहा दिवस गेस्ट हाऊस. बेंगळुरूत तर कित्येक महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतात, आणि पहिला पगार व्हायला महिना असतो. ज्याच्या बापाकडं साठवण आहे त्याला हा महिना जाणवत नाही. आपली मुलं इथं व्याजानं पैसे काढतात.

घर नाकारणं हा काही एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी चौकशी करून पाहिली. तो अभ्यास 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. सवर्ण नावांना जवळपास सगळीकडं होकार, दलित आणि मुस्लीम नावांना नकार नाहीतर जास्तीच्या अटी. कायद्याचं म्हणाल तर 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून राहायची जागा घेण्यात अडथळा आणणं गुन्हा आहे. सिद्ध कसं करणार? "जागा दिली गेली" एवढं वाक्य मालकाला पुरतं. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा फक्त आपल्याच समाजाला सभासद करून घेण्याचा नियम वैध ठरवला. ती संस्था अहमदाबादमधली पारशी संस्था होती. बडोद्याची सराय आठवल्याशिवाय तो निकाल मला वाचता आला नाही. पारशी समाजावर राग काढायचं कारण नाही, अशा संस्था सगळ्यांच्याच आहेत. कायदा आपल्याला घर मिळवून देईल या भरवशावर गाडीत बसू नये, एवढंच.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याची गोष्ट वेगळी. परराज्यात गेल्यावर तो आपल्याला लागू होत नाही अशी एक चुकीची समजूत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 2023 मध्ये स्पष्ट केलं की मूळ राज्यात अनुसूचित जातीत असलेल्या व्यक्तीला या कायद्याचं संरक्षण देशात इतरत्रही आहे. जातिवाचक शिवीगाळ झाली तर "तू इथला नाहीस" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

आता कागदांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फोन त्यासाठीच येतात. आरक्षण राज्यानुसार आहे. घटनेच्या 341 व्या कलमात यादी प्रत्येक राज्याची वेगळी धरली आहे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीनं मिळाल्या. पण महाराष्ट्राचा दाखला घेऊन हरियाणा किंवा कर्नाटक सरकारच्या भरतीत राखीव जागा मागता येत नाही, जातीचं नाव तिथल्या यादीत असलं तरीही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2018 मध्ये बीर सिंग खटल्यात हेच सांगितलं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत मात्र आपला दाखला देशभर चालतो. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो आणि त्यावर जातीचं नाव हवं. नुसतं 'नवबौद्ध' लिहिलेला कागद तिथं अडतो. खासगी कंपनीत जाणारे म्हणतात, मला काय करायचंय. पाच वर्षांनी बँकेची जाहिरात निघते, तेव्हा ते दीड हजार किलोमीटरवरून आईला तलाठ्याकडं धाडतात. जात पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, कोतवाल बुकातली नोंद, हे शोधायचं काम सोलापुरात असतानाच होतं. निघण्याआधी ते करून घ्या आणि मूळ कागद घरीच ठेवा. मतदार नोंदणीचा पत्ता बदलायला फॉर्म 8 आहे, पण त्याची घाई नाही.

नावाचा प्रश्न मात्र कागदाचा नाही. खोली मिळावी म्हणून आडनाव गाळणारी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो न लावणारी मुलं मला माहीत आहेत. आपल्या चळवळीत त्यांना लगेच 'लपून बसलेले' म्हणतात. मला ते पटत नाही. सरायीच्या वहीत दुसरं नाव लिहायची वेळ खुद्द बाबासाहेबांवर आली होती आणि त्यांनी ती लपवली नाही, लिहून ठेवली. मुलांना मी एवढंच सांगते की लपवलेलं नाव दर महिन्याला भाड्यासारखं भरावं लागतं. घरून आलेला पाहुणा "जय भीम" म्हणेल का, सहा डिसेंबरची सुट्टी कशासाठी मागितली, हे सांभाळण्यात माणूस थकतो. जमेल तेव्हा त्यातून बाहेर या. दिल्लीत राणी झाशी रोडला आंबेडकर भवन आहे, बेंगळुरूत गांधीनगरला महाबोधी सोसायटीचा विहार आहे. पहिल्याच रविवारी जा. मी दिल्लीत दोन महिने उशिरा गेले. खोलीचा दलाल मला जे देऊ शकला नाही ते तिथं भेटलेल्या एका वयस्कर बाईंनी पंधरा मिनिटांत दिलं, त्यांच्या शेजारणीचा फोन नंबर.

त्या अनुभवातून गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी एक वही सुरू केली. सोलापुरातून कोण कोणत्या शहरात आहे, कुणाकडं पंधरा दिवस एक गादी टाकायची सोय आहे, कुणाच्या घरमालकानं नाव विचारून कटकट केली नाही. वही विहारातल्या कपाटात असते. नंबर परस्पर कुणाला देत नाही, आधी विचारतो. मुलींसाठी मुलींचीच नावं. डिपॉझिटसाठी थोडा निधीही जमवतोय, बिनव्याजी, पगार सुरू झाल्यावर हप्त्यानं परत. तो अजून अगदी लहान आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा त्यात यावा म्हणून दोन मंडळांशी बोलणं चाललंय. एका मंडळात यावरून भांडण झालं. डीजे एका दिवसाचा करायला तिथले कार्यकर्ते अजून तयार नाहीत.

जूनमधल्या त्या मुलासाठी वहीत गुरुग्रामचं एकही नाव नव्हतं. दिल्लीतल्या एका जुन्या ओळखीच्या घरी त्याला बारा दिवस ठेवलं, रोज मेट्रोनं जाऊन-येऊन तो कामावर हजर राहिला. तेराव्या दिवशी खोली मिळाली. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: माझं नाव लिहा वहीत, गादी एकच आहे, पण पंखा चांगला आहे.