तांबड्या मातीतील निळे-हिरवे जीव

आषाढ लागला की गोव्यातील चिऱ्यांच्या भिंती काळ्या-हिरव्या पडू लागतात आणि शेताच्या पाणथळ कोपऱ्यांत निळसर हिरवा, बुळबुळीत थर साचतो. पाय घसरला तर आपण त्याला दूषण देतो. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गतवर्षी नववीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही डिचोली तालुक्यात खाणीच्या पायथ्याशी असलेल्या एका भातशेतात गेलो होतो. पाणी गंजाच्या रंगाचे, भाताची पाने तांबूस डागांनी भरलेली. पण बांधाच्या कडेला तोच थर मजेत नांदत होता. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्या लोखंडाने भात आजारी पडला, त्याने हे शेवाळ कसे मरत नाही?" आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर! त्या क्षणी उत्तर सुचले नाही. पुढे विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने जे उमगले, ते येथे मांडीत आहोत.

यास नील-हरित शैवाल म्हणण्याचा प्रघात असला, तरी वस्तुतः हे जिवाणू होत. सायनोबॅक्टेरिया हे त्यांचे शास्त्रीय नाव. वनस्पतींप्रमाणे ते सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करतात. त्यांच्या कित्येक जाती हवेतील नत्रही बांधतात. भातशेतीस त्याचा लाभ होतो, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले.

या जीवांना लोह हवेच असते. प्रकाश वापरणाऱ्या त्यांच्या एका यंत्रणेतच लोहाचे १२ अणू असतात; नत्र बांधणाऱ्या विकरालाही लोह लागते. परंतु हवेशीर तांबड्या मातीतले लोह गंजाच्या, म्हणजे फेरिक, रूपात असते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. धरण उशाशी अन् कोरड घशाशी, अशी ही गत! तेव्हा काही जाती लोहाला पकडून आणणारे सूक्ष्म रेणू पेशीबाहेर सोडतात. मग पाऊस येतो, शेत तुंबते, चिखलातील प्राणवायू संपतो, आणि तेथील इतर जिवाणू फेरिक लोहाचे विद्राव्य फेरस लोह करतात. उपवासाच्या जागी अजीर्ण होते.

हे अजीर्ण घातक का? प्रकाशाचे काम चालू असता पेशीत थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असते. मोकळे फेरस लोह त्यास भेटले की हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत दाहक मूलक जन्मतो व समोर येईल ते प्रथिन, पटल, आनुवंशिक द्रव्य फाडीत सुटतो. हेन्री फेंटन यांनी १८९४ साली लोह व पेरॉक्साइड यांच्या ज्या क्रियेचे वर्णन केले, तीच ही.

पहिला बचाव दाराबाहेरच होतो. ज्या बुळबुळीवरून आपण घसरतो, ती लांब शर्करासाखळ्यांची असून तिच्यावरील ऋण विद्युतभारामुळे लोह तिला चिकटून बसते. शिवाय हे जीव स्वतः प्राणवायू सोडतात. त्याने फेरस लोहाचा पुन्हा गंज होऊन तो आवरणावर साचतो. तरीही लोह आत आलेच, तर 'फर' नावाचे प्रथिन त्याला धरून लोह आत घेणारी यंत्रणाच बंद करविते. पण आम्हांस सर्वांत नवल वाटले ते 'डीपीएस' या प्रथिनाचे. बारा घटकांचा हा पोकळ गोळा सुमारे ५०० लोह-अणू कोंडून ठेवतो, आणि त्यांचा गंज करण्यासाठी पेरॉक्साइडच खर्ची घालतो. दारू आणि ठिणगी, दोन्ही एकदमच निकामी! उरलेसुरले पेरॉक्साइड कॅटालेजसारखी विकरे फोडतात.

हे ऐकून एक विद्यार्थी उत्साहाने म्हणाला, "मग सगळ्या खाणमातीवर हेच सोडले तर?" आम्हांस नाही म्हणावे लागले. बुळबुळीत धरलेले लोह शेतातच राहते. थर कुजला की पुन्हा चिखलात जाते. सर्व जाती सारख्या सोशीकही नसतात. आणि ढिगाऱ्यावरून वाहून आलेल्या बारीक गाळाचा जाड थर वर बसला, तर ऊनच मिळत नाही. तेथे 'फर' काय करणार नि 'डीपीएस' काय करणार?

त्याच शेतात डबक्यावर तेलासारखा चमकणारा पापुद्रा होता. कोणाच्या यंत्राचे तेल सांडले, असे मुलांना वाटले. आम्ही काडीने तो हलविला. तेल असते तर पुन्हा एक झाले असते. याचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते वेगळेच राहिले. चिखलातून वर येऊन हवेला भेटलेले ते लोहच होते.