आधी शार्क ठरवा, मग तिकीट काढा

मालदीव म्हटलं की आपल्याकडे पाण्यावरच्या लाकडी खोल्या आणि मधुचंद्राचे फोटो आठवतात. मी तिथे इतकी वर्षं जातोय तो शार्कसाठी. हे कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "तिकीट स्वस्त कधी मिळतं?" मी उलट विचारतो, "कोणता शार्क बघायचाय?" कारण बेट, महिना, प्रशिक्षण, खर्च हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

अंगभर ठिपके असलेला अजस्र व्हेल शार्क हवा असेल तर दक्षिण आरी अटॉल (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) गाठा. तिथला पट्टा २००९ पासून संरक्षित आहे आणि हा मासा तिथे बाराही महिने दिसू शकतो. तो पृष्ठभागाजवळ पोहतो, त्यामुळे पाठीवर टाकी न घेता नुसत्या स्नॉर्केलवरही भागतं. हॅमरहेडसाठी रसधूला जा, पहाटे उठून अथांग निळ्या पाण्यात उतरा आणि नशिबावर हवाला ठेवा. नर्स शार्कची गर्दी बघायची तर वावू अटॉलमध्ये अलिमाथाला रात्रीची डाइव्ह करा.

आणि ग्रे रीफ शार्क हवे असतील तर कंडू. प्रवाळाच्या कड्यांमधल्या ज्या खिंडीतून समुद्र अटॉलमध्ये आत-बाहेर करतो, तिला तिथले लोक कंडू म्हणतात. साधारण जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, प्रवाह पूर्वेकडून आत शिरतो. पाणी काचेसारखं असतं आणि खिंडीच्या तोंडाशी शार्क प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी तरंगत राहतात. आपण खडकात हुक अडकवायचा, जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची आणि पतंगासारखं दोरीवर लोंबकळत त्यांच्याकडे बघत बसायचं. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की प्रवाह फिरतो. मग पूर्वेच्या त्याच खिंडींतून प्लवकांनी भरलेलं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि मांटा रे तिथे जेवायला येतात. जागा तीच, महिना चुकला तर पाहुणे वेगळे.

आता थोडं शास्त्र, कारण ते सांगायची रीत आहे. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांच्या सांगाड्यात हाडं नसतात, कूर्चा असते. वंश चाळीस कोटी वर्षांचा. भक्ष्याच्या शरीरातले सूक्ष्म विद्युतस्पंद टिपणारी इंद्रियं नाकाडावर असतात. बाकीचं कुठल्याही पुस्तकात सापडेल. मला फुवामुलाला पोचायची घाई झाली आहे.

फुवामुला विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे. हे अख्खं अटॉल म्हणजे एकच बेट, लांबीला साडेचार किलोमीटरच्या आसपास. मालदीवच्या जाहिरातीत दिसतं तसं उथळ, हिरवंनिळं सरोवर त्याच्याभोवती नाही. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की कडा थेट खोल समुद्रात कोसळतो. बेटावर मात्र गोड्या पाण्याची दोन तळी आहेत आणि चक्क अळू पिकतं. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला, सत्तर दिवस राहिला आणि तेवढ्यात त्याने दोन लग्नं केली. त्याच्या प्रवासवर्णनात शार्कचा मोठा गाजावाजा नाही. बंदराच्या तोंडाशी त्याला एकदा उतरवायला हवं होतं.

कारण आजचं फुवामुला प्रसिद्ध आहे ते त्या तोंडाशी जमणाऱ्या टायगर शार्कमुळे. कोळी ट्यूना घेऊन येतात, साफ करतात, डोकी आणि आतडी पाण्यात टाकतात. वर्षानुवर्षं चाललेली ही पंगत शार्कना ठाऊक झाली. अंगावरचे पट्टे आणि जखमांचे व्रण यांवरून एकेक शार्क ओळखता येतो. अशा छायाचित्रांवरून झालेल्या एका अभ्यासात सात वर्षांत २३९ वेगवेगळे टायगर शार्क नोंदले गेले, आणि त्यांत बहुसंख्य माद्या. त्यातल्या कित्येक गाभण. टायगर शार्कची अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि पिल्लं जिवंत जन्मतात. एका वेळी काही डझनही. म्हणजे हे बंदर खाणावळ तर आहेच, पण गरोदरपणाचे महिने काढायची जागाही असावी.

पाण्याखाली माझ्या लक्षात राहिला तो त्यांचा घेर. जबडा आठवतो तो फोटोतून. गाभण मादी समोरून येते तेव्हा आधी तिची रुंदी दिसते, मग बोथट चौकोनी तोंड आणि मोठा काळा डोळा. घाई अजिबात नाही. आपण रांगेत, तळालगत, उभ्या अंगाने थांबायचं. हातमोजे काळे, कारण पाण्यात पांढरे तळवे माशाच्या तुकड्यांसारखे दिसतात. चकाकणारं काही अंगावर नको. तिच्याकडे पाठ करायची नाही, नजर काढायची नाही, आणि एकट्याने वर तर मुळीच जायचं नाही. गाइड खडकाखाली ट्यूनाची डोकी दाबून ठेवतात. हे असं खाऊ घालणं योग्य का, यावर डाइव्हरांमध्ये कडाक्याची भांडणं होतात. मला ते पूर्णपणे पटत नाही, तरी मी जातो. त्याचं कारण पुढे येईलच.

तयारी मालवणजवळ तारकर्लीपासून सुरू करा. तिथे एमटीडीसीची डाइव्हिंग संस्था आहे आणि सरावासाठी खोल तलाव आहे. ओपन वॉटर प्रमाणपत्रावर १८ मीटर, ॲडव्हान्स्डवर ३० मीटर. मालदीवच्या नियमांतही हौशी डाइव्हची कमाल खोली ३० मीटरच आहे. मात्र कार्डापेक्षा बॉयन्सी महत्त्वाची. हातपाय न मारता एका जागी तरंगता येत नसेल तर टायगर शार्कचं वर्ष पुढे ढकला. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या. मी पूर्ण दिवस मोकळा ठेवतो. त्या दिवशी तळी बघावीत आणि मास हुनी खावी. ट्यूना, खवलेलं ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि सोबत रोशी नावाची पोळी. कोकणातल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. बेटावर दारू मिळत नाही आणि कपड्यांचं भान ठेवावं लागतं.

माझ्या मालवणच्या मावशीला या सगळ्याचं नवल वाटतं. शार्कला ती मोरी म्हणते. "मोरी बघूक इतक्या लांब कित्याक जातंस? हयच्या बाजारात गावता मां!" तिच्या सवालाला मालदीवने कधीच आकड्यांत उत्तर दिलंय. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हिशेब मांडला गेला. आरी अटॉलमधल्या फिश हेड या डाइव्हच्या ठिकाणचा एक ग्रे रीफ शार्क जिवंत असताना पर्यटनातून वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवून देत होता. मारून विकला तर एकदाच ३२ डॉलर. २०१० मध्ये देशभर शार्कच्या मासेमारीवर बंदी आली, त्यामागे या हिशेबाचाही हात होता.

पण अशी बंदी टिकते ती बेटावरच्या घरांत त्या ३३,५०० मधलं काही पोचलं तरच. म्हणून मी बेटावरच्याच माणसांच्या गेस्टहाउसात उतरतो, तिथल्याच मुलांनी चालवलेल्या केंद्राबरोबर डाइव्ह करतो, आणि ट्यूनाच्या डोक्यांबद्दलची माझी कुरकुर त्यांच्यासमोरच बोलून दाखवतो. तुम्ही बजेट मांडाल तेव्हा विमानभाड्याच्या आधी या गेस्टहाउसाचा आणि डाइव्ह केंद्राचा खर्च लिहा. तिथे घासाघीस करू नका; पैसे वाचवायचेच असतील तर पाण्यावरच्या लाकडी खोलीत वाचवा.