आय-नाइनचा कागद आणि कूटलेखक्रिया

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. व्यापारी गृहस्थाला या अतिचाराचे भय सर्वाधिक. अमेरिकेत दुकान वा मोटेल चालविणाऱ्या आपल्या बांधवांच्या बाबतीत तो ज्या कागदातून सहज शिरू शकतो, तो कागद म्हणजे ‘फॉर्म आय-नाइन’.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रीगन यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्यान्वये, नव्याने कामावर घेतलेली व्यक्ती त्या देशात नोकरी करण्यास पात्र आहे, याची पडताळणी करणे मालकावर बंधनकारक झाले. ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक असली तरी यातून सूट नाही. अर्जाचा पहिला भाग कर्मचाऱ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरावयाचा. मालकाने त्यानंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत कागदपत्रे तपासून दुसरा भाग पूर्ण करावयाचा. अमेरिकेचा पासपोर्ट अथवा ग्रीन कार्ड यांसारखा एकच दस्तऐवज चालतो. किंवा ओळखीसाठी वाहन परवाना आणि पात्रतेसाठी सोशल सिक्युरिटी कार्ड अशी जोडीही चालते. निवड मात्र कर्मचाऱ्याची. चेहरा वा उच्चार परका वाटला म्हणून ‘ग्रीन कार्डच दाखवा’ असा आग्रह धरणे हा भेदभाव ठरतो.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज आढळतो: ‘भाचाच तर आहे, पगार कुठे देतो? राहतो, जेवतो, काउंटरवर बसतो.’ कामाच्या मोबदल्यात दिलेले जेवण व निवास हेही कायद्याच्या दृष्टीने वेतनच होय. नाते हा पडताळणीला पर्याय नाही. पर्यटक म्हणून आलेल्या भाच्याला असे बसविले, तर मालकासह त्याचेही भवितव्य पणाला लागते.

कर्मचारी कामावर आहे तोवर अर्ज जपावाच लागतो. तो नोकरी सोडून गेल्यावर, रुजू झाल्यापासून तीन वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत तो सांभाळावा. सरकारी तपासणीची सूचना आली की अर्ज सादर करण्यास सामान्यतः किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. खरी परीक्षा येथेच असते. राहून गेलेले अर्ज घाईने भरून त्यांवर जुनी तारीख घालण्याचा मोह होतो. विलंब हा प्रमाद आहे; जुनी तारीख हा कूटलेख आहे. पहिल्यासाठी दंड होऊ शकतो, तर जाणूनबुजून केलेल्या खोट्या प्रमाणीकरणासाठी तुरुंगवासही.

योग्य मार्ग साधा आहे. राहिलेला अर्ज आजच भरावा, आजचीच तारीख घालावी आणि विलंबाचे कारण लिहून सोबत जोडावे. भरलेल्या अर्जात चूक सापडल्यास पांढरी शाई न लावता एक रेघ मारावी, शेजारी योग्य मजकूर लिहून आद्याक्षरे व तारीख टाकावी. पहिल्या भागातील दुरुस्ती मात्र कर्मचाऱ्यानेच करावी.

प्रतिक्रमणात आपण दोष झाकत नाही, त्याची आलोचना करतो. हाच नियम वर्षातून एकदा दुकानाच्या दप्तरालाही लावावा. उशीर झाल्याचे प्रांजळपणे सांगणारा कागद दिसावयास कदाचित सदोष असेल, परंतु व्रत आणि कायदा या दोहोंच्या कसोटीवर तोच टिकतो.