एक हुकूम, आठ यंत्रें



शाळेंत नोकरी करीत असतां सूचनावहीशीं माझा रोजचा संबंध असे. हेडमास्तर तींत चार ओळी लिहीत, शिपाई ती वर्गोवर्गीं फिरवी आणि शिक्षक वाचून खालीं सही करीत. एके दिवशीं शाळा अर्धा तास आधीं सुटावयाची होती. सात वर्ग सुटले. आठवा बसूनच राहिला. त्या वर्गाचे शिक्षक रजेवर होते आणि शिपाई दाराशीं डोकावून तसाच पुढें गेला होता. कचेरींत मात्र 'सर्व वर्गांस कळविलें' अशी नोंद झालेली होती. हुकूम सुटणें आणि हुकूम पाळला जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा मीं त्या दिवशीं घेतला. आजच्या विषयाचें मर्मही त्यांतच आहे.

बँकेचा हिशेब, आगगाडीचें तिकीट, रुग्णालयांतील नोंदी, हीं कामें आज सर्व्हर नांवाच्या संगणकांवर चालतात. मोठ्या संस्थेस असे शेंकडों सर्व्हर लागतात. प्रत्येकावर कोणती आज्ञावली असावी, कोणास प्रवेश असावा, घड्याळ कोणत्या वेळेशीं जुळवावें, या सर्व मांडणीस कॉन्फिगरेशन म्हणतात. शेंकडों यंत्रांवर ती हातानें करावयाची म्हटली तर चूक अटळ. म्हणून १९९३ सालीं ऑस्लो येथें मार्क बर्जेस यांनीं सीएफइंजिन नांवाचें साधन तयार केलें. पुढें २००५ मध्यें पपेट आणि २०१२ मध्यें अ‍ॅन्सिबल हीं साधनें आलीं. सर्वांची रीत स्थूलमानानें एकच. यंत्र कसें असावें याचें वर्णन एका ठिकाणीं लिहून ठेवावयाचें. साधन प्रत्येक यंत्र तपासतें, वर्णनाशीं जुळत नसेल तेवढेंच बदलतें आणि जुळत असेल तें तसेंच सोडतें. म्हणून तें एकदां चालविलें काय नि दहा वेळां चालविलें काय, परिणाम सारखाच व्हावयास हवा.

इतकें असूनही बिघाड होतात. माझा पुतण्या हेंच काम करतो. बिघाड शोधण्याची शिस्त मीं त्याच्याकडून समजून घेतली आहे. पहिला प्रश्न असा, कीं बिघाड सर्व यंत्रांवर आहे कीं एखाद्याच? सर्वांवर असेल तर वर्णनच चुकलें असण्याचा संभव अधिक. एकावरच असेल तर निरोप तेथवर पोंचला काय, हें आधीं पहावें. कधीं नांवावरून यंत्राचा पत्ताच लागत नाहीं. कधीं नुसतें घड्याळ मागें पडलेलें असतें. पपेटमध्यें यंत्रें एकमेकांस डिजिटल प्रमाणपत्रें दाखवून ओळख पटवितात. घड्याळ मागें असलें म्हणजे नुकतेंच दिलेलें प्रमाणपत्र अजून लागू झालेलें नाहीं असें त्या यंत्रास वाटतें आणि तें बोलणेंच नाकारतें. दोष घड्याळाचा, आणि शोध मात्र आज्ञावलींत चाललेला!

दुसरा प्रकार भुताटकीसारखा वाटतो. रात्रीं कोणी घाईनें एका यंत्रावर हातानें दुरुस्ती करतो आणि काम सुरू झालेलें पाहून झोपीं जातो. परंतु पपेटचा त्या यंत्रावरील पहारेकरी मूळच्या योजनेप्रमाणें दर तीस मिनिटांनीं तपासणी करतो. त्यास ती दुरुस्ती वर्णनाविरुद्ध दिसते आणि तो ती पुसून टाकतो. सकाळीं बिघाड पुन्हां उभा! मग कोणी त्रासून पहारेकऱ्यासच बंद करतो आणि पुढें चालूं करण्यास विसरतो. तें यंत्र महिनोन्‌महिने आपल्या सोबत्यांपासून दूर सरकत राहतें. म्हणून नियम असा, कीं दुरुस्ती वर्णनांत करावी, यंत्रावर नव्हे.

यंत्रें एकसारखीं नसतां तीं तशीं आहेत असें धरून चालल्यानें काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील नाइट कॅपिटल या शेअरदलाली कंपनीनें घालून दिलें. २०१२ च्या जुलैअखेर तिनें आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली बसविण्यास घेतली. नकल करणाऱ्या माणसाकडून एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कोणी तें तपासावें असा लेखी नियम नव्हता. त्या आठव्यावर २००३ पासून वापरांत नसलेली जुनी आज्ञावली तशीच होती, आणि नव्या कामासाठीं योजलेली खूण नेमकी तिलाच जागी करणारी निघाली. १ ऑगस्ट रोजीं बाजार उघडण्यापूर्वीं दोष सुचविणारीं ९७ ई-पत्रें कर्मचाऱ्यांकडे आलीं. त्यांवर कोणी कांहीं केलें नाहीं. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर न थांबतां मागण्या पाठवूं लागला. मंडळींनीं नव्या आज्ञावलीवरच संशय घेऊन ती उरलेल्या सात सर्व्हरांवरून काढून टाकली. त्यामुळें निरोगी सातही आठव्यासारखे झाले! सुमारें ४५ मिनिटांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले आणि कंपनीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. पुढील वर्षीं तिचें स्वतंत्र अस्तित्व संपलें. आठांपैकीं वेगळा कोणता, एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला नाहीं.

तेथील नकल माणसानें केली होती; पण स्वयंचलित साधन हाताशीं असलें तरी हा प्रश्न सुटत नाहीं. उलट साधन चुकीचा हुकूमही तितक्याच वेगानें सर्वत्र पोंचवितें. म्हणून बिघाड दिसतांच प्रथम नवे हुकूम थांबवावे. एक बिघडलेलें आणि एक निरोगी यंत्र शेजारीं शेजारीं ठेवून फरक पहावा. नोंदवहींतील शेवटची तक्रार न वाचतां पहिली वाचावी; पुढच्या बहुधा तिच्याच लेंकी असतात. उपाय सुचल्यावर साधनाकडून आधीं रंगीत तालीम करून घ्यावी. कांहीं न बदलतां काय बदलेल तें सांगण्याची सोय पपेट व अ‍ॅन्सिबल या दोहोंत आहे. मग एका यंत्रावर, आणि तें नीट चाललें तरच इतरांवर.

आणि सर्व झाल्यावर शिपायाच्या शब्दावर न विसंबतां वर्गावर्गांत स्वतः डोकावून यावें. एखादा वर्ग अजून बसलेला असतो.